इंदूरात मोठ्यांसाठी काही आहे का?

गेल्या महिन्यात सुदामा नगरातल्या एका काकूंचा फोन आला. मुलगा एकतीस वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे. काकांना जाऊन वर्ष होत आलेलं. "अगं, लहान मुलांच्या थेरपीच्या पाट्या आता गल्लोगल्ली दिसतात. पण मोठ्यांसाठी इंदूरात काही आहे का गं?"

"आहे काकू," मी म्हटलं, "पण त्या नावाची पाटी नाही."

पुढचं सगळं काकूंनी एका पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं, आणि तरी निम्मं राहिलंच. ते इथे नीट मांडते. माझा भाचा सत्तावीस वर्षांचा आहे. तो अठरा पूर्ण झाला तेव्हा तो जात असलेल्या केंद्रातल्या बाई माझ्या बहिणीला हसून म्हणाल्या, "आता मोठा झाला हं तुमचा मुलगा!" आम्हाला ते कौतुक वाटलं. पुढच्या महिन्यात गेलो तर त्याची वेळ दुसऱ्या मुलाला दिलेली होती. तेव्हापासून आम्ही दोघी बहिणी एक निळी फाइल घेऊन या शहरात फिरतो आहोत.

आमची पहिली दोन वर्षं वाया गेली, कारण आम्ही 'मोठ्यांचं ऑटिझम सेंटर' शोधत होतो. वयाबरोबर ऑटिझम जात नाही, पण अडचणींचं रूप बदलतं. सहा वर्षांच्या मुलाला बोलायला, बसायला, खेळायला शिकवायचं असतं. तिशीतल्या माणसाचा दिवस कसा भरायचा, त्याचे पैसे कोणी सांभाळायचे, दाढ दुखली तर त्याला समजून घेणारा दंतवैद्य कुठे मिळेल, आई थकल्यावर काय, हे सगळे निरनिराळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाची खिडकी निराळी आहे. म्हणून आधी प्रश्न लिहायचा, मग खिडकी शोधायची.

एक वही घ्या. आठ दिवस फक्त टिपून ठेवा: तो कुठे अडला, कुठलं काम कोणी करून दिलं, कशाने बिनसलं, कशात तासभर रमला. आणि ज्याच्यासाठी हे चाललंय त्याला विचारा. बोलत नसेल तर चित्रं दाखवून, दोन वस्तू पुढे ठेवून विचारा. भाच्याला सोबत हवी, मित्र हवेत, असं आम्ही धरून चाललो होतो. त्याच्या यादीत मित्र नव्हते, मिक्सर होता. तो स्वयंपाकघरात असताना मिक्सर लावायचा नाही आणि जेवण साडेबाराला म्हणजे साडेबाराला. एवढं सांभाळलं तेव्हापासून दुपारची निम्मी आदळआपट थांबली, त्याला कुठलंही केंद्र लागलं नाही.

आता कागद. आपण ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतो. (मला तो शब्द फारसा आवडत नाही. भाचा स्वतःत मग्न वगैरे नसतो, घरात कोण कुठल्या चपला घालून गेलं हेसुद्धा त्याला ठाऊक असतं.) पण आपण राहतो मध्य प्रदेशात, आणि इथल्या सरकारी हिंदीत त्याला 'स्वपरायणता' म्हणतात. हा शब्द पाठ करून ठेवा. अर्जावर तो दिसला की पुष्कळ मराठी घरांतली माणसं तो रकाना सोडून खालच्या 'बौद्धिक दिव्यांगता'वर खूण करतात, आणि मग सगळी गाडी भलत्या रुळावर जाते.

तशी ती अनेकांची आधीच गेलेली आहे, आणि त्यात आईवडिलांचा दोष नाही. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, त्यात ऑटिझम नव्हता. १९९९ मध्ये नॅशनल ट्रस्टचा (ऑटिझम आणि तशा काही दिव्यांगता असलेल्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेचा) कायदा आला, त्यात तो आला. पण त्याचं प्रमाणपत्र कसं द्यायचं, टक्के कसे मोजायचे, हे सरकारने अधिसूचना काढून ठरवलं २०१६ मध्ये. त्याच वर्षी नवा दिव्यांग हक्क कायदा झाला, एप्रिल २०१७ पासून लागू झाला, आणि त्यातल्या २१ प्रकारांमध्ये ऑटिझम स्पष्टपणे आहे. म्हणजे आज जो तीस-पस्तीस वर्षांचा आहे त्याच्या शाळेच्या काळात ऑटिझम या नावाने प्रमाणपत्र मिळायची सोयच नव्हती. 'मतिमंद' असा शिक्का घेऊन तरी पुढे जायचं, नाहीतर काहीच नाही. कपाटातला जुना दाखला काढून बघा. त्यावर काय लिहिलंय, किती टक्के लिहिलेत आणि नूतनीकरणाची तारीख आहे का, या तीन गोष्टी आधी पाहायच्या.

दाखला नव्याने काढायचा असेल किंवा बदलून घ्यायचा असेल तर अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो. तिथूनच पुढे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा लागतो. इथल्या राज्य योजनांसाठी समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा रहिवाशांसाठीचा क्रमांक, तोसुद्धा लागेल, आणि त्यातलं नाव आधारशी अक्षरशः जुळायला हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे घालायची पद्धत आहे, हिंदी भागातल्या बाबूने ते अर्धं गाळलेलं असतं. आमचे चार महिने त्यात गेले. हे आधी तपासा, बाकीचं नंतर.

मग तपासणी. ऑटिझमसाठी रक्ताची चाचणी नाही, स्कॅन नाही. आपल्याकडे दाखल्यासाठी 'इसा' नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात चाळीस मुद्दे आहेत, प्रत्येकाला एक ते पाच गुण. एकूण सत्तरच्या खाली आले तर ऑटिझम धरत नाहीत. हे गुण आईवडिलांशी बोलून आणि त्या माणसाकडे बघून दिले जातात, आणि मोठ्यांच्या बाबतीत घोळ इथेच होतो. तीस वर्षांत माणूस बरंच शिकलेला असतो. नमस्कार करतो, नाव सांगतो, खुर्चीवर बसतो. दहा मिनिटांत बघणाऱ्याला वाटतं, बरा तर आहे. त्यात आई सवयीने म्हणते, "सगळं करतो हो आमचा!" काकूंना मी हेच बजावलं: तिथे मुलाचं कौतुक करायचं नाही. आंघोळ करतो, पण पाणी कोण काढून देतं? जेवतो, पण किती पदार्थ खातो? रस्ता एकटा ओलांडतो का? आठ दिवसांची वही इथे कामाला येते. सोबत बालपणीचे पुरावे न्या: शाळेची प्रगतिपुस्तकं, जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मुंजीची किंवा वाढदिवसाची व्हिडिओ कॅसेट कोणी मोबाइलवर उतरवून घेतली असेल तर तीही. ऑटिझम लहानपणापासून असतो, त्यामुळे मोठ्यांचं निदान करताना डॉक्टर तेव्हाचंच विचारतात. आई हयात नसेल तर मावशी, आत्या, शेजारच्या आजी, ज्यांनी पोरपणी पाहिलंय त्यांना घेऊन जा.

दाखवायचं कोणाला? मनोविकारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. इंदूरात एमजीएम मेडिकल कॉलेज आणि एमवाय रुग्णालय आहे, बाणगंगेचं मानसिक रुग्णालय आहे. बाणगंगा म्हटलं की आपल्या लोकांच्या कपाळाला आठी पडते, माहीत आहे मला. ऑटिझम हा मानसिक आजार नाही हेही खरं. पण ऑटिझम असलेल्या मोठ्या माणसाला चिंता, उदासी, झोप उडणं हे वेगळं होऊ शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. ते 'त्याच्या स्वभावातलंच आहे' म्हणून सोडून देऊ नका. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे.

दाखल्यावर चाळीस किंवा जास्त टक्के असले की बहुतेक दारं उघडतात. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत दिव्यांगांना चार टक्के राखीव जागा आहेत. त्यातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात पाच टक्के. आयकराच्या जुन्या पद्धतीत ७५,००० रुपयांची वजावट, तीव्र असेल तर १,२५,०००. मात्र ऑटिझमसाठी त्याचा दाखला वेगळ्या नमुन्यात घ्यावा लागतो. आणि घरात कोणी केंद्र सरकारचा पेन्शनर असेल तर हे ठळक करून ठेवा: स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. पेन्शनर हयात असतानाच त्याचं नाव कागदोपत्री लावून घ्या. नंतर धावपळ करायला जो उरतो तोच बहुधा सगळ्यात थकलेला असतो.

आता मला जास्त वेळ जिथे थांबायचंय ती गोष्ट: पालकत्व. बहुतेक घरांत समज असा की आई म्हणजे आई, सही तीच करणार. कायद्याने तसं नाही. मूल अठराचं झालं की आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, मग त्याला ऑटिझम असो वा नसो. हे कळतं कधी, तर बँकेत खातं उघडताना, किंवा आजोबांच्या घराचा हिस्सा नावावर करताना. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचे अधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिघे. इंदूरात म्हणजे मोती तबेल्याचं कलेक्टर ऑफिस. तिथल्या सामाजिक न्याय विभागात जाऊन विचारायचं. 'लोकल लेव्हल कमिटी' असे इंग्रजी शब्द वापरा, हिंदीत विचारलं तर तीन खोल्या फिरवतात.

पालक नेमायचा अर्ज आई, वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था करू शकते. समिती दोन गोष्टी बघते: पालकाची गरज खरंच आहे का, आणि कशापुरती आहे. पालक झाल्यावर सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, पुढे दरवर्षी हिशेब. दुर्लक्ष किंवा छळ झाला तर पालक काढताही येतो. हे कडक आहे आणि असायलाच हवं, कारण आपल्याच नात्यांत 'मी बघतो त्याचं' म्हणत घराचा मजला बघणारे कमी नाहीत.

पण अर्ज करायच्या आधी थांबा. २०१६ चा कायदा म्हणतो की दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखीच कायदेशीर क्षमता आहे. तिला खातं चालवता येतं, मालमत्ता घेता येते, आणि निर्णय घ्यायला मदत मागता येते. निर्णय तिच्यासाठी दुसऱ्याने घेणं ही शेवटची पायरी. भाच्याचं खातं आम्ही त्याच्याच नावावर ठेवलंय. तो सही म्हणून नाव लिहितो, दर वेळी अगदी तसंच, माझ्या सहीपेक्षा बरं. दर महिन्याला ठरावीक रक्कम काढतो आणि पासबुक छापून आणतो. मोठ्या व्यवहारांचा प्रश्न उभा राहील तेव्हा पालकत्वाचा अर्ज करू असं ठरवलं आहे. काकूंच्या घरी मात्र काकांच्या मुदतठेवी आणि घर आहे, त्यामुळे त्यांना तो आत्ताच लागेल. दोन घरांना एकच सल्ला लागू पडत नाही.

नॅशनल ट्रस्टचाच 'निरामय' नावाचा आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीचाही काही खर्च त्यात बसतो. पैसे आधी आपण भरायचे, बिलं पाठवून परत मागायचे. दर वर्षी एकतीस मार्चच्या आत नूतनीकरण करायला विसरू नका. आम्ही एकदा विसरलो, आणि नेमकं त्याच वर्षी दातांचं मोठं काम निघालं.

दिवस घालवायची जागा आणि राहायची सोय यांसाठी ट्रस्टच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत संस्थांची राज्यवार यादी असते. 'दिशा-कम-विकास' म्हणजे दिवसाचं केंद्र, 'समर्थ-कम-घरौंदा' म्हणजे राहण्याची सोय. यादीत नाव आहे म्हणून जागा आहे, किंवा चांगली आहे, असं धरू नका. फोन करा, मग जा, आणि दुसऱ्यांदा न सांगता जा. तिथे मी एकच प्रश्न आवर्जून विचारते: "एखादा चिडला, ओरडायला लागला, तर तुम्ही काय करता?" जे लगेच "हमारे यहाँ कोई नहीं चिढ़ता" म्हणतात, त्यांच्याकडे परत जात नाही. जे सांगतात की आधी आवाज कमी करतो, त्याला मोकळ्या खोलीत नेतो, मग कारण शोधतो, त्यांच्याशी बोलणं पुढे चालू ठेवते. संडासाच्या दाराला आतून कडी आहे का, हेही बघून येते.

थेरपिस्ट निवडताना लक्षात ठेवा: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर आणि स्पीच थेरपिस्ट यांना भारतीय पुनर्वास परिषदेचा सीआरआर, म्हणजे नोंदणी क्रमांक असतो. तो मागा, परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळा. यात संकोच कसला? सोनाराकडे हॉलमार्क बघतोच की आपण. आणि जो 'सहा महिन्यांत बरा करतो' म्हणेल, मग तो स्टेम सेल विकत असो की काढा, त्याला दुरूनच नमस्कार.

काही गोष्टी इंदूरात मिळणार नाहीत, त्यांच्यासाठी बाहेर जावं लागतं. भोपाळला केंद्र सरकारचं सीआरसी, म्हणजे संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे, तिथे तपासणी, थेरपी आणि कौशल्य प्रशिक्षण एका छताखाली बघतात. सिहोरला मानसिक आरोग्य पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. नोकरीसाठी कामाचं मूल्यमापन आणि नोंदणी करणारं केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं करिअर सेवा केंद्र जबलपूरला आहे. शाळा अर्धवट राहिली असेल तर मुक्त विद्यालयातून दहावी-बारावी कुठल्याही वयात करता येते.

कामाचं म्हणाल तर नोकरी म्हणजे सुपर कॉरिडॉरवरची कंपनीच असं नाही. आमच्या शहराने घरोघर कचऱ्याचे सहा भाग करायला लावले. आमच्या घरात तो नियम मनापासून पाळणारा एकटा भाचा आहे. कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की सहाही डबे ओळीत. ते बघून शेजारच्या एका नमकीनवाल्यांनी त्याला विचारलं, पाकिटं वजनाप्रमाणे लावशील का? आता तो दुपारी दोन तास जातो. मालकांनी त्याच्यासाठी तीनच गोष्टी केल्या: काम चित्रांत लिहून भिंतीला लावलं, जागा पंख्यापासून लांबची दिली, आणि रंगपंचमीच्या गेरच्या (रंगांच्या मोठ्या मिरवणुकीच्या) दिवशी सुट्टी. कायद्याच्या भाषेत यालाच 'वाजवी सोय' म्हणतात. ती सवलत नाही, हक्क आहे, आणि वीस किंवा अधिक माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनीसुद्धा समान संधीचं धोरण जाहीर करावं अशी तरतूद आहे.

हे त्यांच्यासाठीही, ज्यांचं शिक्षण, नोकरी, लग्न सगळं झालं आणि चाळिशीत कळलं की आपण पहिल्यापासून इतके का दमतो. पूर्वी ज्याला अ‍ॅस्पर्गर म्हणत ते २०१३ पासून डॉक्टरांच्या वर्गीकरणात ऑटिझमच्याच पट्ट्यात धरतात. अशांना दाखल्याचे चाळीस टक्के मिळतीलच असं नाही. त्यांना बहुधा लागतो तो एक समजूतदार सायकॉलॉजिस्ट, ऑफिसात कानाला हेडफोन लावायची मुभा, आणि लग्नकार्यात अर्ध्यातून उठून गेलं तरी "शिष्ट आहे" न म्हणणारे नातेवाईक. पहिली दोन मिळवता येतात.

शेवटची खिडकी घराजवळची. भाच्याच्या पाकिटात एक कार्ड आहे. हिंदीत, मोठ्या अक्षरात: मला ऑटिझम आहे, मला हात लावू नका, या क्रमांकावर फोन करा. कोपऱ्यावरचे पोहेवाले, औषधाचं दुकान, वाचनालयातल्या बाई आणि जवळचं पोलीस ठाणं, चौघांना आम्ही त्याला घेऊन जाऊन ओळख करून दिली. पोहेवाले त्याला सहाला, गर्दीच्या आधी, जिलेबी न घालता प्लेट देतात. मंडळाच्या गणपतीला तो आरतीला येत नाही, पण आरतीनंतर सतरंज्या घड्या घालायला येतो, आणि दरवर्षी अध्यक्ष त्यासाठी त्याला वेगळा फोन करतात.

आणि कुठेच दाद लागली नाही तर? १८१ वर सीएम हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, क्रमांक लिहून घ्या. भोपाळला आयुक्त निःशक्तजन यांचं कार्यालय आहे, तिथे लेखी तक्रार करता येते. आणि दर मंगळवारी कलेक्टर ऑफिसात जनसुनवाई असते. काकूंच्या पालकत्वाच्या अर्जासाठी येत्या मंगळवारी आम्ही तिकडेच निघालोय. दाखल्याच्या, आधारच्या, समग्रच्या चार-चार झेरॉक्स काढून ठेवायला सांगितल्यात. मुलाला आणू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्याला विचारा. संध्याकाळी निरोप आला: येतो म्हणतोय, पण लिफ्टने नाही, जिन्याने.